लाल टोपण, केशरी टोपण

गुंड्याच्या आजाराची पहिली बातमी मुंग्यांनी आणली. डोंबिवलीत माझा प्राण्यांचा दवाखाना आहे. त्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू एका सकाळी त्याला टोपलीत घालून आल्या. लसीची तारीख नव्हती. टोपली टेबलावर ठेवत म्हणाल्या, "डॉक्टर, हा हल्ली ट्रे सोडून मोरीत लघवी करतो. मी ओरडले नाही त्याला. पण सकाळी बघावं तर तिथे मुंग्यांची रांग. मोरी धुतली तरी परत येतात. आमच्या ह्यांना शुगर निघाली ना, तेव्हा सासूबाईंनी असंच ओळखलं होतं."

मी काही विचारायच्या आधीच निम्मं निदान त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं.

गुंड्या म्हणजे पिवळ्या पट्ट्यांचा दहा वर्षांचा बोका. लहानपणीच नसबंदी झालेला, जिन्याची पायरी कधी न उतरलेला. आदल्या वर्षीच्या कार्डावर वजन ६.८ किलो, त्या दिवशी काट्यावर ५.४. खाणं मात्र वाढलेलं. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागत होतं. टेबलावर सोडला तर मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालला. मांजर एरवी बोटांवर चालतं, त्याची टाच जमिनीला लागत नाही. रक्तातली साखर बरेच दिवस चढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसा दुखावतात आणि चाल अशी बसकी होते. काकूंना ते म्हातारपण वाटलं होतं. खिडकीवर उडी मारता येत नाही म्हणून त्यांनी त्याच्यासाठी खाली पाट ठेवला होता.

कानाच्या कडेची शीर टोचून साखर पाहिली, ३७२ निघाली. माणसाच्या बाबतीत हा आकडा बघितल्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. मांजराच्या बाबतीत विचारावा लागतो. टोपलीत कोंबलेलं, रिक्षांचे हॉर्न ऐकत आलेलं, बाकावरच्या कुत्र्याचा वास घेतलेलं मांजर घाबरलेलं असतं, आणि निव्वळ भीतीने निरोगी मांजराची साखरही तीनशेच्या घरात जाऊ शकते. शिवाय मांजराचं मूत्रपिंड साखर बरीच अडवून धरतं. माणसात साधारण १८० ओलांडल्यावर ती लघवीत उतरते, मांजरात २५० ते २७०च्या पुढे. म्हणून लघवी तपासली. साखर भरपूर होती, पण कीटोन नव्हते, याचं मला बरं वाटलं. कीटोन असते तर त्याला तिथेच सलाइन लावून ठेवून घ्यावं लागलं असतं. रक्ताचा एक नमुना फ्रुक्टोसामीनसाठी पाठवला. मागच्या एक ते तीन आठवड्यांत साखर सरासरी किती राहिली ते या चाचणीत कळतं, त्या एका सकाळच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन दिवसांनी तो अहवालही वाढलेलाच आला.

मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १८८६ सालची जुनी संस्था. तिथे आमचे हात गाई-म्हशींवर तयार झाले. मांजराचा मधुमेह पुस्तकात होता, परीक्षेतही आला होता. पण मांजराला मधुमेह आहे हे ऐकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते दवाखाना उघडल्यावर कळलं. काकूंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "पण तो साखर कुठे खातो?"

खरं आहे, तो साखर खात नव्हता. तो खात होता ते कोरड्या खाद्याचे दाणे, चोवीस तास भरून ठेवलेल्या वाटीतून, आणि रोज संध्याकाळी दूधभात. मांजर हाडाचं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं द्रव्य नाही, आणि जेवणानंतर एकदम आलेली साखर आवरण्याची यकृताची ताकदही आपल्या मानाने फार कमी. दाण्यांना आकार यावा म्हणून त्यांत पीठ-पिष्ट घालावंच लागतं. त्यात घरात बसून वाढलेलं वजन, आणि मागच्या पावसाळ्यात खाजेसाठी दुसरीकडे कुठेतरी दिलेली लांब पल्ल्याची स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं. ती काकूंच्या पिशवीतल्या जुन्या कागदांत सापडली. स्टिरॉइडमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. काठावर बसलेल्या मांजराला तेवढा धक्का पुरतो. हे सगळं मी सांगत होते आणि काकू मान डोलवत होत्या. पण त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याच्या शेवटाकडे होतं, हे दिसत होतं.

"म्हणजे इंजेक्शन?"

"हो काकू. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. बाहेरदेशी मांजरांसाठी तोंडावाटे द्यायची औषधं २०२२पासून निघाली आहेत, पण आपल्याकडे मी इन्सुलिनवरच विसंबते."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "घरात सवय आहे आम्हाला. हे चौदा वर्षं स्वतःचं स्वतः टोचून घेतात."

मलाही हायसं वाटलं. सुई धरायला शिकवताना लोक रडतात, हात मागे घेतात, "त्यापेक्षा त्याला शांतपणे जाऊ दे" असं पहिल्याच दिवशी म्हणतात. इथे तर इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, सुई कशी टाकायची, हे सगळं माहीत असलेलं घर मिळालं होतं. मी मनातल्या मनात माझं शिकवणं निम्म्यावर आणलं. त्या घरात पुढे जे झालं, त्याचं मूळ या क्षणात आहे.

काका त्याच संध्याकाळी आले. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, खिशाला पेन, हातात जुनी डायरी. मी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं. दहा मिलीच्या बाटलीत हजार युनिट असतात, मांजराचं काम दिवसाला दोन-चार युनिटांत होतं, म्हणजे बाटली संपायच्या कितीतरी आधी औषध जुनं होणार. म्हणून पेनमधली तीन मिलीची काडतुसं घ्यायला सांगितली. पेन वापरायचं नाही, काडतुसातून सिरिंजने काढायचं, कारण पेनची सुई कातडीखाली दहा सेकंद धरून ठेवेपर्यंत मांजर थांबत नाही. सुरुवात एका युनिटाने. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा आणि त्यात सुई सरकवायची, हे नुसतं सलाइन भरून त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. काकांचा हात माझ्याहून स्थिर होता. मी माझ्या कपाटातल्या केशरी टोपणाच्या चौदा सिरिंज मोजून दिल्या, आठवड्याच्या.

तो पहिला आठवडा खरा काकूंचा होता. त्यांच्या घरात अंडंही येत नसे. मी ओलं, मांसाचं, कमी पिष्टाचं खाणं सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस पाकिटातलं तयार ओलं खाद्य आणलं, ते गुंड्याने हुंगून सोडलं. मांजराला उपाशी ठेवून इन्सुलिन देता येत नाही, आणि जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढते, हेही मीच त्यांना सांगून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "डॉक्टर, कोंबडीचे तुकडे किती वेळ उकडायचे?" गॅलरीत एक इंडक्शनची शेगडी, एक वेगळं पातेलं, एक वेगळा चमचा. शेजारच्या घरातली मुलगी बाजारातून चिकन आणून द्यायची. पहिल्या दिवशी काकूंनी नाकाला पदर लावला होता, असं काका सांगत होते. मी त्यात कोंबडीचं हृदयही घालायला सांगितलं. मांजराला टॉरीन बाहेरून मिळावं लागतं, ते कमी पडलं की त्याचं काळीज फुगतं, दृष्टी जाते, आणि नुसत्या उकडलेल्या छातीच्या तुकड्यांत ते पुरेसं नसतं. "हृदयही?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते पातेल्यात होतं. चव सोडून देणं सोपं असतं. जन्मभराचा सोवळेपणा एका बोक्यासाठी गॅलरीत नेऊन ठेवणं ही फार मोठी गोष्ट होती. त्यांना कोणी तसं म्हणालं नाही म्हणून मी इथे म्हणते.

आठवड्याने गुंड्या परत आला. पाणी थोडं कमी झालेलं, साखर अजून चढी. मी पॅडवर लिहिलं: ग्लार्जिन, २ युनिट, सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबत. काकांनी डायरीत उतरवून घेतलं. सिरिंज संपल्या होत्या. "घरात आहेत," काका म्हणाले. मी "बरं" म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी रात्री सव्वा वाजता फोन वाजला. काकूंचा आवाज ओळखू येत नव्हता. गुंड्या कपाटाच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा होता, मग पडला, आता मान एका बाजूला ओढतोय, लाळ गळतेय. मी म्हणाले, बोटावर मध घ्या, हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच निघा. दवाखान्याचं शटर वर करते न करते तोच काका टोपली छातीशी धरून येताना दिसले. रिक्षाची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

साखर २९ होती. साठच्या खाली गेली तरी आम्ही धास्तावतो. पायाची शीर सापडेपर्यंत त्याला एक झटका येऊन गेला. पन्नास टक्क्यांचं डेक्स्ट्रोज सलाइनमध्ये पातळ करून हळूहळू सोडलं. मेंदूला साखर पोचली की मांजर कसं परत येतं ते पाहण्यासारखं असतं. आधी कान हलतो, मग बुबुळं ठिकाणावर येतात, मग ते आपल्याकडे असं बघतं जणू आपणच कुठे गेलो होतो. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पाच टक्क्यांची बाटली चालू ठेवली, कारण ग्लार्जिनचा असर पुष्कळ तास टिकतो. एकदा शुद्ध आली म्हणजे सुटलो असं नसतं.

चारच्या सुमारास, दर अर्ध्या तासाच्या नोंदी करताना, मी काकांना विचारलं, "किती दिलं होतं?"

"दोन. अगदी रेघेवर."

"सिरिंज आणलीय?"

त्यांनी सगळंच आणलं होतं, स्टीलच्या डब्यात नीट लावून. काडतूस, कापूस, सिरिंज. सिरिंजचं टोपण लाल होतं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना कळलं असेल, बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलीत ४० युनिट, किंवा एका मिलीत १०० युनिट. चाळीसवाल्याची सिरिंज लाल टोपणाची, शंभरवाल्याची केशरी. सिरिंजवरच्या रेघा मिलीच्या नसतात, युनिटाच्या असतात, आणि त्या आपापल्याच औषधाला लागू पडतात. काका स्वतः घेत ते चाळीसच्या ताकदीचं, गढूळ, हातात घोळवून घ्यायचं मिश्रण. घरातल्या सिरिंज त्याच्याच. गुंड्याचं ग्लार्जिन शंभरच्या ताकदीचं.

मी काही बोलायच्या आत काकांनी माझ्या पॅडवरचा कागद उलटा केला. खिशातलं पेन काढलं. एक भागिले चाळीस, शून्य पूर्णांक शून्य दोन पाच. गुणिले दोन. गुणिले शंभर. त्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, हिशेबनीस मारतात तशा, आणि म्हणाले, "पाच. मी त्याला पाच देत होतो."

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. ते खरं होतं आणि आजही आहे. दुसऱ्या कोणी तरी चौदा वर्षांत कमावलेल्या सफाईवर मी माझं काम सोडून दिलं होतं. इन्सुलिन कधी न पाहिलेलं घर असतं तर मी सिरिंजचं नाव लिहिलं असतं, रंग सांगितला असता, रिकामं खोकं घेऊन या म्हणाले असते. इथे "घरात आहेत" या दोन शब्दांवर मी थांबले. माझ्या कागदावर आकडा होता, आणि तो आकडा कोणत्या पट्टीने मोजायचा ते नव्हतं.

काका मात्र ते ऐकायला तयार नव्हते. पहाटेपर्यंत त्यांनी तो कागद हातातून सोडला नाही.

गुंड्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेला. इन्सुलिन दोन दिवस पूर्ण बंद ठेवलं, मग पुन्हा एका युनिटापासून. काकूंनी केशरी सिरिंजच्या डब्याला केशरी लोकर बांधली आणि तो फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवला. काकांचा डबा दारात. मी माझ्या कागदावर तेव्हापासून ताकद लिहिते, सिरिंज लिहिते, टोपणाचा रंग लिहिते, आणि टेबलावर लाल व केशरी शेजारी ठेवून त्यांच्या रेघा माणसाकडून मोजून घेते. घरात आधीपासून कोणाला इन्सुलिन असेल तर वीस मिनिटं जास्त. काहींना राग येतो. "आम्हाला माहितीय हो सगळं." येऊ दे. खरं तर एकाच देशात या दोन ताकदी शेजारी-शेजारी विकल्या जाणंच मला पटत नाही. अनेक देशांनी माणसांसाठी चाळीसची ताकद केव्हाच बंद केली. तिथे प्राण्यांची काही इन्सुलिनं मात्र चाळीसची आहेत, त्यामुळे तिथले माझ्यासारखे डॉक्टर याच घोळाला उलट्या बाजूने भीत असतात.

त्या रात्रीनंतर मी आणखी एक गोष्ट बदलली. साखर दवाखान्यात बघायची नाही, घरी बघायची. काकूंना कान टोचायला शिकवलं. कान आधी कोमट फडक्याने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, कडेच्या शिरेजवळ टोचायचं, थेंब आला की पट्टी लावायची. ग्लुकोमीटर काकांचाच. माणसांचं यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात साखर तांबड्या पेशी आणि पाणी यांत वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. पण रोज तेच यंत्र वापरलं तर चढउतार कळतो, आणि मला तोच हवा होता. पहिल्या दिवशी काकूंनी तीनदा टोचलं तरी थेंब येईना. त्या रडवेल्या झाल्या. गुंड्या मांडीवरून हलला नाही. ज्यांनी नवऱ्याचं बोट चौदा वर्षांत एकदाही टोचलं नव्हतं, त्या महिन्याभरात डोळ्यांवर चष्मा नसतानाही पहिल्या टोच्यात थेंब काढू लागल्या.

एकदा आम्ही माणसांसाठीचा चौदा दिवस चालणारा सेन्सरही लावून पाहिला, पाठीवरचे केस काढून. गुंड्याने तो पाचव्या दिवशी सोफ्याखाली काढून ठेवला. पण तेवढ्या पाच दिवसांनी मला जे दाखवलं ते मी विसरत नाही. घरी, खिडकीत ऊन खात पडलेला असताना, त्याची साखर १६०च्या आसपास चालत होती. त्याच पाच दिवसांत मी त्याला दवाखान्यात बोलावलं, तेव्हा टोपलीत बसल्यापासून रेघ वर चढत गेली आणि माझ्या टेबलावर २९०ला पोचली. तो आकडा बघून मी पूर्वी किती मांजरांचं इन्सुलिन वाढवलं असेल, हा विचार मनात येऊन मी बराच वेळ मोबाइलच्या पडद्याकडे बघत बसले.

दात राहिले होते. सुजलेल्या हिरड्याही शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. साखर जरा आटोक्यात आल्यावर भूल देऊन त्याचे तीन सडके दात काढले. त्यानंतर आकडे भराभर उतरले. एक युनिट, मग अर्धं. अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेल्या छोट्या सिरिंज काकांनी दादरहून शोधून आणल्या, केशरी टोपणाच्या, आणि मला दाखवायला आधी दवाखान्यात आणल्या. चौथ्या महिन्यात आम्ही इन्सुलिन थांबवलं. मांजरांमध्ये हे होऊ शकतं; लवकर सापडलं, पिष्ट तोडलं, साखर नीट आवरली, तर थकलेलं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. काही मांजरांमध्ये लागतं, काहींमध्ये नाही. आणि लागलं तरी कायमचं असेल असं नाही, हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. काकूंनी पेढे आणले नाहीत. "साखर नको, डॉक्टर," म्हणाल्या, आणि पिशवीतून ओल्या नारळाची करंजी काढून ठेवली, गूळ घातलेली. गूळही साखरच, हे त्यांच्या लक्षात आल्यावर दोघीही हसलो.

आता गुंड्याच्या मागच्या टाचा उचलल्या गेल्या आहेत. खिडकीखालचा पाट मात्र काकूंनी काढलेला नाही. रविवारी सकाळी दोघांची साखर बघतात, आधी काका, मग गुंड्या. काकांच्या डायरीत एका पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले आहेत. ग्लुकोमीटरच्या पाकिटाची चेन उघडल्याचा आवाज आला की गुंड्या असेल तिथून उठून काकूंच्या मांडीजवळ येतो, कारण त्यानंतर गॅलरीतल्या पातेल्याचं झाकण उघडतं. मागच्या वेळी काका डायरी घेऊन आले होते. गुंड्याचा रकाना मला दाखवला. मी त्यांचा रकाना वाचला आणि म्हणाले, "काका, तुमच्या डॉक्टरांकडे कधी गेला होतात?" त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "जातो. ह्या आठवड्यात जातो."